दीमाची खोटी खबर

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जुम्मा असून घरात मासे नाहीत. हे नमाजहून आले ते सरळ पलंगावर आडवे. मी विचारलं, बाजारात नाही जायचं? म्हणाले, "मन नाय." सुरमईला नाही म्हणालेले हे मी कधी पाहिले नव्हते. मीही फार आग्रह केला नाही.

वर हनानकडे सकाळपासून टीव्ही चालू आहे, मोठ्याने. गाझाच्या उत्तरेकडच्या सगळ्यांनी घरं सोडून दक्षिणेला जा म्हणून सांगितलंय. दीमा उत्तरेलाच राहते. पोर कडेवर, सासू गुडघ्यांनी अधू. जा म्हणे! जायला काय लागतं ते सांगणाऱ्याला ठाऊक नसतं.

दीमा म्हणजे हनानची थोरली. इथे सौदीत, मलाझच्या ह्याच बिल्डिंगमध्ये वाढली. शाळेतून आली की आधी माझ्याकडे, तिच्या खालाकडे, मावशीकडे यायची, सांदण खायची, मग वर आईकडे. माझ्या आलियाच्या नादाने आमची भाषाही बोलायची, "चल गो, येतंस का" वगैरे. लग्न करून गाझाला गेली, आतेभावाशी. तेव्हा मी हनानला म्हटलं होतं, इतक्या लांब देतेस लेक? ती म्हणाली, लांब कुठे, ते तर आमचं घर. मीही श्रीवर्धनला घरच म्हणते.


१६ ऑक्टोबर, सोमवार

दीमाने युक्ती काढलीय. नेटवर्क मिळालं की फक्त एक टिंब पाठवते. बॅटरी वाचते, आणि आईला कळतं. टिंब आलं की हनान जिन्यातून ओरडते, "नुक्ता!" मी खालून अलहमदुलिल्लाह. आज दोनदा आलं.

ह्यांच्या सुलैच्या गोडाऊनमध्ये साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, बाहेरच्या माणसाने कामाशी काम ठेवायचं, फोनवर कुठलेही व्हिडिओ पाठवायचे नाहीत. घरी आल्या आल्या ह्यांनी आपल्या फोनमधले पुसले. मग माझ्यातलेही. विचारलंसुद्धा नाही! मी म्हटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणाले, "ब्रह्मराक्षस नाय गो, कफील." कफील म्हणजे ज्याच्या हातात आमचा व्हिसा, तो मालक. दोघं हसलो. पण नंतर मी फोन उघडून बघितलं, काही राहिलं तर नाही ना.


२१ ऑक्टोबर, शनिवार

दीमाचा धाकटा दीर गेला. महमूद. पावासाठी रांगेत उभा होता, बेकरीपाशीच बॉम्ब पडला. हनान मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती. खुडता खुडताच सांगितलं. पानं संपली तरी बोटं तशीच चालत होती. मी तिचे हात धरले.

लग्नाच्या अल्बममध्ये महमूद आहे, खुर्चीवर उभा राहून नाचतोय. अल्बम बघायचा नाही असं ठरवलं होतं. बघितलाच.

त्याच्या हातात काय होतं? बंदूक नाही, पिशवी होती. पावाची. हे कोणाला ओरडून सांगू?


२८ ऑक्टोबर, शनिवार

काल संध्याकाळपासून गाझाचे फोन बंद, इंटरनेट बंद, सगळंच. हनान दर थोड्या वेळाने "दीमा" एवढंच लिहून पाठवते. तिच्या फोनवर न पोचलेल्या मेसेजांच्या नुसत्या एकेरी टिक-खुणा, वरपासून खालपर्यंत.

आलियाला वाटतं मी वेडी झालेय. "अम्मी, प्लीज, स्टॉप चेकिंग." तिला म्हटलं, तुझी मैत्रीण नाही का ती? तर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. बराच वेळ पाणी वाहत होतं. मी ओरडले नाही.

जेवण झालं नाही. खिचडी टाकून दिली. गुन्हा आहे, माहीत आहे.


३० ऑक्टोबर, सोमवार

टिंब!!

हनान जिन्यात बसूनच रडली. मी पण. खालचा यमनी घाबरून बाहेर आला, कोण वारलं म्हणून. सांगितलं, कोणी नाही, कोणी नाही.


२ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल लागलं. नवा सौदी मुलगा, डिस्पॅच शिकायला. ह्यांनीच शिकवायचं. म्हणजे आपल्या हाताने आपलं आसन द्यायचं. साहेब म्हणाले, काळजी करू नका. तेव्हापासून हे काळजी करतायत.

हनानचा नवरा नबील, त्याची अकाउंटंटची नोकरी अशीच गेली गेल्या वर्षी. आता कुठे कुठे हिशेब लिहितो, दुसऱ्याच्या नावावर. तरी आम्हाला खुरूज, म्हणजे देश सोडायचा शिक्का, लावला तर निदान जायला गाव आहे. त्याला कुठला खुरूज? जायचं कुठे त्याने?

हे म्हणतात, सध्या वर जास्त जाऊ नको, लोकांच्या डोळ्यावर येतं. मी "बरं" म्हटलं आणि वाटी घेऊन गेले.


८ नोव्हेंबर, बुधवार

आजचं अक्षर वाचता येणार नाही. ठीक आहे. नाहीतरी ह्या घरात मराठी वाचणार कोण.

दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाले. जिन्यात हनान. फोन छातीशी, तोंड पांढरंफटक. माझ्याकडे बघून म्हणाली, "दीमा खलास."

मी बादली टाकली. तिला मिठी मारली, किंचाळले असेन. ती पण माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. काहीतरी बोलत होती, मी काही ऐकलं नाही. मग खाली धावले. आम्हा कोकणी बायकांचा ग्रुप आहे, त्यावर रडत रडत बोलून पाठवलं, आपली दीमा गेली, वरच्या हनानची दीमा. इन्ना लिल्लाह.

दुपार ढळल्यावर, असरच्या नमाजनंतर बायका आल्या. साबिराभाबी पुढे, सफेद ओढणी, हातात कुराणाच्या सिपाऱ्यांची पिशवी. मागे खिचडीचं पातेलं, कारण मय्यतीच्या घरात चूल पेटत नाही. मी दार वाजवलं. हनानने उघडलं, आम्हाला बघितलं, ओढण्या बघितल्या, पातेलं बघितलं. साबिराभाबीने तिचा हात धरून म्हटलं, अल्ला तुला सबर देवो.

हनान म्हणाली, "मीन?" कोण? "मीन मात?" कोण मेलं?

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी म्हटलं, दीमा. तूच तर.

ती तिथेच कोसळली. तिला वाटलं आम्हाला काही कळलंय. टीव्हीवर नाव आलंय, कुणाचा फोन आलाय, आणि हिलाच कोणी सांगितलं नाही. "कधी? कुठे? यझन कुठेय?" ओरडत होती. यझन म्हणजे दीमाचं बाळ. नबील आतून धावत आला. फोन लावला, लागेना. परत लावला. बायका भिंतीला चिकटून उभ्या. पातेलं कुठे ठेवावं ते कोणाला कळेना.

दिवस मावळून मगरिब झाल्यावर टिंब आलं. मग आवाजही आला, तुटक. ममा, आम्ही खान युनूसला पोचलो. शाळेत आहोत. यझन झोपलाय.

जिन्यात ती म्हणाली होती, दीमा, खलास, बाहेर पडले. घर सोडलं, एकदाचं ठरलं, निघाले. रडत होती ती घरासाठी. मी "खलास" ऐकलं आणि पुढचं ऐकलंच नाही. टॅक्सीवाल्याला खलास, भाजीवाल्याला खलास, झालं, बस्स, म्हणून दिवसातून दहादा मीच म्हणते. इतकी वर्षं हा शब्द माझ्या तोंडात अरबी होता. आज कानात मराठी झाला.

असर ते मगरिब मी तिच्या मुलीला मारून ठेवलं. ह्या हाताने नाही, ह्या तोंडाने.


९ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांनी खूप ऐकवलं. "बायका जमवतंस? रडारड? बिल्डिंगवाल्याने विचारलं म्हणजे?" खरंच, वॉचमनने विचारलंच, कसला जमाव होता म्हणून. हे म्हणाले, पाहुणे. मग रात्री उठून दोनदा दाराची कडी तपासली. 

हनानचं दार बंद.


११ नोव्हेंबर, शनिवार

हिंमत करून वर गेले. नबीलने दार उघडलं, आत घेतलं. हनान सोफ्यावर, माझ्याकडे बघेना. मी आपल्या स्वयंपाकघरातल्या अरबीत माफी मागितली. मग काय बोलावं सुचेना, म्हणून अम्माचं सांगितलं. अम्मा म्हणायची, जित्या माणसाच्या मरणाची खोटी खबर उठली की त्याची उमर वाढते. आमचे रहीममामू जहाजावर होते. बुडाले म्हणून खबर आली, घरात मातम झाला, आणि पाऊस संपता संपता मामू हातात ट्रंक घेऊन दारात. नंतर एवढे जगले की सुना कंटाळल्या.

हे सगळं अरबीत. उमरेला उम्र चालतं, ते एक बरं. कंटाळल्याला शब्द मिळेना, तोंड करून दाखवलं. नबील हसला. हनान नाही हसली. पण मी निघाले तेव्हा म्हणाली, "हे कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, कुठे नाही. आमच्याकडे म्हणतात.

खाली येऊन ह्यांना सांगितलं तर भडकले. "उमर अल्लाच्या हातात. असलं बोलणं गुनाह हाय." माहीत आहे मला. पण मामू जगले, त्याचं काय?


१८ नोव्हेंबर, शनिवार

हनानकडून ताट आलं. मकलूबा, त्यांचा उलटा करून वाढायचा भात. आमच्यात रिकामं ताट परत करत नाहीत, तिच्यातही नाही. सांदणं करून पाठवली. म्हणजे बोलणं सुरू झालं म्हणायचं.

दीमाचं टिंब परवा आलेलं. काल नाही. आज नाही.

बाहेर रस्त्यावर दिव्यांची रोषणाई, शहरात कसले कसले कार्यक्रम. आलियाच्या वर्गातली मुलं जाणार आहेत. तिने विचारलंही नाही, जाऊ का म्हणून.


२५ नोव्हेंबर, शनिवार

लढाई थांबवलीय काही दिवस. दीमाचा व्हिडिओ कॉल!! हनानने पाय आपटून मला वर बोलावलं. आलिया माझ्या पुढे धावली.

किती वाळलीय पोर. गालाची हाडं. डोक्याला कोणाचा तरी पुरुषी मफलर. शाळेच्या वर्गात पाच-सहा कुटुंबं, मध्ये चादरी बांधून. यझनला दात आलाय, तो दाखवला. सासू वाटेतच गेली. औषध नव्हतं. रस्त्याच्या कडेला पुरलं, खूण म्हणून काय ठेवलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

हनानने तिला माझा पराक्रम सांगितला. दीमाला आधी कळेना. मग एकदम कळलं, तिलाच कळणार, दोन्ही खलास तिला येतात! हसायला लागली. "खाला, तू मना खलास केलंस?" आमच्याच बोलीत. मग आईला समजावलं, ममा, ह्यांच्याकडे खलास म्हणजे मेला. हनान "या रब्बी" म्हणून तोंडावर हात ठेवून हसली. मी रडत हसले. आलिया फोनला चिकटून, "दीदू, कम बॅक, जस्ट कम बॅक."

दीमा म्हणाली, "खाला, उमर वाढली ना माझी? मग यझनची पण थोडी वाढव."

एवढ्यात कट.


१ डिसेंबर, शुक्रवार

परत सुरू झालं. सकाळीच. ह्या वेळी खान युनूसवरही.

टिंब नाही.


५ डिसेंबर, मंगळवार

एक टिंब, पहाटेचं. बहुतेक तिनेच पाठवलेलं. बहुतेक असं का लिहिलं मी? तिनेच.

हनानच्या चुलत बहिणीचं अख्खं घर गेलं. आजी, सुना, मुलं, लग्नाच्या वयाचा मुलगा. जेवायला बसले होते. नबील नावं वाचत होता फोनवरून, हनान प्रत्येक नावाला "हो, हा तो" म्हणत होती, जसं कोणी ओळख परेड करतंय. एका बाळाचं नाव तिला माहीत नव्हतं. हे कधी झालं, म्हणाली. झालं आणि गेलं, आणि हिला कळलंच नाही.

खाली आले. मला भीती वाटते. इतकी साधी भीती लहानपणी वाटायची, अंधारात विहिरीकडे जाताना. मोठेपणी ती जाते असं वाटलं होतं.


११ डिसेंबर, सोमवार

दीमाचा मेसेज नाही.

ह्यांना साहेबांनी बोलावलं. नवीन वर्षापासून डिस्पॅचचं टेबल सौदीकडे. ह्यांचं काय ते "बघू." घरी येऊन बूट न काढता बसले. मी चहा दिला. म्हणाले, "आपून काय, गावाला जाऊ. भाजी लावू." मग वर छताकडे बघून म्हणाले, "टिंब आला का?"

स्वतःहून विचारलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, पण दाखवलं नाही, नाहीतर लाजतात.


१५ डिसेंबर, शुक्रवार

मे. नाही.

शाळांवर पडतायत बॉम्ब. कुठली शाळा, नाव सांगत नाहीत. नबील दर फोटो मोठा करून बघतो, भिंतीचा रंग. दीमाच्या मागे पिवळी भिंत होती. हनान म्हणते हिरवी. दोघं त्यावरून भांडले आज, इतके की मी दार लोटून घेतलं. फोटोतली भिंत काळी होती.


१८ डिसेंबर, सोमवार

मे. नाही. एकेरी टीक.

साबिराभाबीने विचारलं, काही खबर? खबर ह्या शब्दाचीच आता धडकी भरते. म्हटलं, नाही, खबर नाही म्हणजे बरंच आहे. पटलं नाही मलाच.


२० डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहून ठेवते. बरोबर की चूक, नंतर कधीतरी.

सकाळी हे कामावर, आलिया शाळेत. हनान खाली आली. कधी येत नाही, मीच जाते. केस विंचरलेले, चांगला अबाया. मला वाटलं टिंब आलं. बसली आणि म्हणाली, "तू परत सांग."

"काय सांगू?"

"त्या दिवशी सांगितलंस ते. दीमा खलास. तुमचं खलास. सगळ्या बायकांना सांग. त्या दिवशी रडलीस तशी रड."

मी म्हटलं, वेडी झालीस का. म्हणाली, "तूच म्हणालीस उम्र वाढते. तेव्हा सांगितलंस आणि ती पोचली. त्याच महिन्यात बोलली, हसली. आता सांग. आणि यझनचंही सांग. त्याचं त्या वेळी सांगायचं राहिलं."

मी गुनाह म्हटलं. अल्लाच्या हातात म्हटलं. ती म्हणाली, "अल्लाला रोज सांगते मी. तू बायकांना सांग."

काय करणार? साबिराभाबीला आधी फोन केला, सगळं खरं सांगितलं.  ती म्हणाली, "टाक. मी बाकीच्यांना समजावते."

फोन तोंडाशी धरला. हनान समोर. मला वाटलं नाटक करावं लागेल, रडू आणावं लागेल. आणावं लागलंच नाही. "आपली दीमा" म्हटलं आणि रडू फुटलं. "आपली दीमा गेली, तिचा यझन गेला." आणि बोलता बोलता मला कळलं की ह्या वेळी मला ते खोटं वाटत नाहीये. तेव्हा मी खरं समजून खोटं बोलले होते. आज खोटं म्हणून बोलले, आणि आतून काय निघालं ते अल्लाला माहीत. खबर खोटी असेल तरच उपयोग. खरी असेल तर हे मी काय बोलून बसले?

पाठवलं.

मग एकेक यायला लागलं. इन्ना लिल्लाह. अल्ला जन्नत देवो. बिचारं बाळ. कोणी विचारलं नाही, कशी, कुठे. कोकणातल्या बायका, सगळं विचारणाऱ्या, आज एकीनेही विचारलं नाही. मी वाचून दाखवायची आणि हनान प्रत्येकीला म्हणायची, "किज्ब." खोटं. साबिराभाबीचं आलं. किज्ब. तिच्या सुनेचं आलं. किज्ब. हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. मग मीही तिच्याबरोबर म्हणायला लागले, खोटं, खोटं.

तेवढ्यात ह्यांचा फोन. गोडाऊनमधून. कोणाच्या तरी बायकोने नवऱ्याला सांगितलेलं, नवऱ्याने ह्यांना. मला वाटलं आता ओरडतील, गुनाह, जमाव, कफील. आवाज अगदी बारीक होता.

"खबर खरी का गो?"

हनान माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "खोटी."

 मागे फोर्कलिफ्टचा आवाज येत होता. मग म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं.